मे महिन्यात नको, दिवाळीनंतर या

लास वेगास

तीर्थरूप आबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन इकडे यावे आणि कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या खोऱ्याचे वाळवंट पाहावे, हा आपला बेत वाचून फार आनंद झाला. तरीही तिकिटे काढण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. “आम्ही कोल्हापूरच्या उन्हात वाढलेली माणसे, आम्हाला काय उन्हाचे भय घालतोस?” असे आबा म्हणणार, हे मी जाणतो. पण आपल्याकडे पारा चाळिशीला टेकला, तरी दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि कधी वळीवही पडतो. येथे तसा उतारा नाही. खोऱ्यातल्या फर्नेस क्रीक या ठिकाणी जुलैत दिवसाचे सरासरी कमाल तापमान ४७ अंश सेल्सिअस असते आणि रात्रीचे सरासरी किमान तापमानही ३२-३३ अंश असते. १० जुलै १९१३ रोजी तेथेच ५६.७ अंशांची नोंद झाली होती. तिच्याविषयी काही अभ्यासक शंका घेतात, परंतु जागतिक उच्चांक म्हणून अजून तीच धरली जाते. मेमध्ये एवढी आग नसते हे खरे, पण महिनाअखेरीस पारा सहज चाळिशी ओलांडतो.

याचे कारण आबांना लगेच उमजेल. गगनबावड्यात धो धो पाऊस आणि जत-आटपाडीत कोरडे आभाळ, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा खेळ आपण शाळेत शिकवला आहे. येथे पॅसिफिककडून येणाऱ्या ढगांना एकामागून एक डोंगररांगा ओलांडाव्या लागतात, आणि खोऱ्यापर्यंत येईतो त्यांच्यात पाणी उरत नाही. त्यातच बॅडवॉटर हा भाग समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे. तापलेली हवा वर चढते, डोंगरांत अडून पुन्हा खाली येते आणि दबून आणखी तापते.

वर्षाकाठी तेथे जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. पण २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या शेपटाने एका दिवसात सुमारे ५६ मिलिमीटर पाऊस पडला. कोल्हापुरात जुलैमध्ये एवढ्या पावसाला कोणी बातमी म्हणणार नाही. तेथे मात्र रस्ते वाहून गेले, डेथ व्हॅलीचे राष्ट्रीय उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले आणि बॅडवॉटरच्या मिठाच्या पठारावर तळे साचले. उघड्या खडकाळ उतारावर पाणी जिरत नाही, त्यामुळे डोंगरात दूर कोठे सर आली तरी घळींतून लोंढा येतो. उन्हाळ्यात हे दुसरे भय असते.

मला सर्वांत जास्त काळजी आबांच्या रक्तदाबाच्या गोळीची आहे. लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीरातील पाणी लवकर कमी होते, आणि कोरड्या हवेत घाम आला तरी तो क्षणात वाळतो, त्यामुळे आपण किती सुकत चाललो आहोत ते कळतच नाही. उद्यानाचे कर्मचारी माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी प्यायला सांगतात, आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नका असे बजावतात. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, आणि फार तापल्यावर हवा इतकी विरळ होते की बचावाचे हेलिकॉप्टरही उडू शकत नाही. म्हणून निघण्यापूर्वी गोळीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

त्यापेक्षा दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात या. तेव्हा दिवसा २०-२५ अंशांचे सुखद ऊन असते, पण रात्री पारा आठ-नऊपर्यंत उतरतो, आणि आपल्याला कोल्हापुरात तेवढ्या थंडीची सवय नाही. वर डांटेज व्ह्यू या डोंगरमाथ्यावर गेलो तर तेथे खोऱ्यापेक्षा दहा-बारा अंश तरी कमी असतात, वाराही बोचरा असतो. तेव्हा आईने लोकरीची शाल आणि आबांनी कानटोपी आणावी, लाजू नये. वसंतातल्या रानफुलांची मोठी कीर्ती आहे, परंतु २००५ आणि २०१६ सारखा बहर क्वचितच येतो, म्हणून त्यासाठी मार्चचा हट्ट धरू नये.

मुलांच्या शाळेला दिवाळीनंतर आठवडाभर रजा मिळेल का, ते वहिनींना विचारून कळवावे, म्हणजे मी येथून खोलीचे आरक्षण करतो. आईने शेंगदाण्याची चटणी थोडी जास्तच द्यावी.

आपला,
सुहास