मूतखडा फुटला म्हणजे काम संपलं नाही

संपादक महोदय,

शॉक वेव्हने, म्हणजे शरीराबाहेरून सोडलेल्या जोरदार लहरींनी, मूतखडा फोडतात त्याबद्दल पेशंटला "चिरफाड नाही, लगेच घरी" एवढंच ऐकवतात, आणि ते खरंही आहे, १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या पेशंटवर हा उपचार झाला तेव्हापासून कितीतरी जणांचं ऑपरेशन टळलं. पण मशीन खडा फक्त फोडतं, बाहेर काढत नाही! तुकडे लघवीवाटेच पडायचे असतात, त्याला कधी काही आठवडे लागतात, लघवी लालसर होते, मध्येच कळ येते, कधी चुरा मूत्रनळीत रांगेने अडकून बसतो, हे आधी नीट सांगितलं तर माणूस एवढा घाबरणार नाही. खडा २ सेंटिमीटरपेक्षा मोठा किंवा फार कडक असेल तर बऱ्याचदा दुसरा उपाय बरा, सीटी स्कॅनवरून कडकपणाचा अंदाज येतो, डॉक्टरांना विचाराच. गरोदरपणात हा उपचार करत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, प्लीज लपवू नका. आणि दुखायचं थांबलं की पुढची सोनोग्राफी टाळू नका, अडकलेला तुकडा न दुखताही किडनी खराब करू शकतो. थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. लघवी गाळून घेताना गाळणीत सापडलेला तुकडा मात्र तपासायला द्या, खडा कशाचा होता ते कळतं.

एक वाचक