जपानातल्या कागोशिमात असलेल्या लेकीस

मडगाव, गोवा

चि. लेकीस,

प्रभू येशूच्या नावात पप्पांचा प्रेमळ सलाम.

तुझे पत्र परवा मिळाले आणि आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. तिथल्या चर्चच्या मंडळीची माणसे मायाळू आहेत, काम रुचते आहे, भाषाही जिभेवर रुळू लागली आहे, हे कळून आम्ही देवाचे आभार मानले. शेवटच्या पानावर मात्र तू लिहिले आहेस की तिथे सगळे एकाच साच्यातले वाटतात, एकच भाषा, एकच रीत, रविवारी उपासनेला तीच वीस माणसे. आणि आपल्या गल्लीतली चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) व नाताळचा कुस्वाद (घरोघर वाटायचा गोड फराळ) आठवून जीव इतका व्याकूळ होतो की सेवेला निघालेल्या माणसाने असे वाटून घ्यावे का, अशी तुला शंका येते. जरूर वाटून घ्यावे. ज्या अंगणात तू वाढलीस त्याची ओढ लागल्याने तुझ्या पाचारणात काही उणे होत नाही.

मी १९८९ साली नगरहून मराठीचा शिक्षक म्हणून इथे आलो, तेव्हाची गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. नगरच्या आमच्या मंडळीत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने टाळ-मृदंगावर होत आणि ख्रिस्ती माणूस मराठीत प्रार्थना करतो याचे कोणाला नवल नसे. इथे ख्रिस्ती म्हटला की कोंकणी, तीही रोमी लिपीतली, आणि मराठी वाचणारा म्हटला की हिंदू, अशी सर्वसाधारण समजूत. माझे नाव ऐकून लोक कोंकणीत बोलू लागत आणि माझे मराठी ऐकून गोंधळत. मी दुखावलो, आणि पहिली दोन वर्षे शाळा ते घर एवढाच गोवा पाहिला. तेवढ्यावरून सगळे गोंयकार सारखेच, असा निष्कर्षही काढून बसलो.

मग एका नाताळात शेजारची आजी क्रोशाच्या रुमालाने झाकलेली बशी घेऊन दारात आली. चार नेवऱ्या, दोदोलाचे दोन तुकडे आणि मूठभर कुलकुल. तुझ्या आईने बशी स्वच्छ धुऊन तशीच परत केली. समोरच्या काकूंनी ते पाहिले आणि आईला बाजूला घेऊन हळूच सांगितले की इथे बशी रिकामी परत करत नाहीत. त्याच संध्याकाळी आई शेंगदाण्याचे लाडू घेऊन पुन्हा गेली आणि आजींच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन तास बसली. त्या बशीपासून आमचा खरा गोवा सुरू झाला. आजींची दक्षिण गोव्यातल्या साष्टीची कोंकणी आणि त्यांच्या सुनेची उत्तरेकडच्या बारदेशची कोंकणी वेगळी, हे तेव्हा कळले. काकूंच्या पेडण्याच्या माहेरी मराठी भजन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, हेही कळले. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला (मरियामातेला) शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानून हिंदूही तिच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, जातात, हे काकूंनीच सांगितले आणि एका वर्षी आम्हांला घेऊनही गेल्या. तू जन्मलीस तोवर ही ये-जा सवयीची झाली होती, म्हणून तुला ती आयती मिळाली. तिथे ती तुला पहिल्यापासून जोडावी लागणार आहे, आणि ते कष्टाचे आहे, हे मी जाणतो.

कागोशिमाचे आणि गोव्याचे नाते तुला ठाऊक आहेच. फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी तिथे उतरले, तेव्हा सोबत तिथलाच अंजिरो होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. देवासाठी शब्द हवा म्हणून अंजिरोच्या सांगण्यावरून झेवियर यांनी ‘दाइनिची’ हा शब्द घेतला, आणि ते तर एका बुद्धाचे, महावैरोचनाचे नाव, हे उमगल्यावर तो टाकून ‘देउस’ म्हणू लागले. जपानात ते जेमतेम सव्वादोन वर्षे राहिले. उलट जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडचा माणूस म्हणून गोव्यात आले आणि त्यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राशोलला छापून निघाले ते १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे ते इथल्या लोकांची बोली ऐकत होते. तुला जाऊन अजून एक वर्षही झालेले नाही, बाळ.

तुझ्याच पत्रातल्या दोन ओळी तुला परत वाचून दाखवाव्याशा वाटतात. मंडळीतल्या एक आजीबाई अमामी बेटावरच्या आहेत आणि त्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलतात ते कोणालाच समजत नाही, असे तू ओझरते लिहिले आहेस. अमामीची भाषा स्वतंत्र आहे, आणि ती आता थोड्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे. त्या आजीबाई दर रविवारी तुझ्या शेजारच्या बाकावर बसतात. दुसरी ओळ कारखान्यात कामाला आलेल्या व्हिएतनामी मुलींची. त्या सायकलवरून तुझ्या दारावरून जातात, एवढेच तू लिहिलेस. त्यांनाही कोणाची तरी बशी यायला हवी आहे.

सूचनांची ती फळी, काइरानबान, घरोघर फिरत येते आणि तू सही करून पुढच्या दाराशी ठेवतेस ना? यापुढे ठेवू नकोस, घंटा वाजवून हातात दे. सोबत काही खायला असले तर उत्तम. पावाला तिथे ‘पान’ म्हणतात असे तू लिहिलेस, तो आपल्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाचाच भाऊ. दोन्ही नावे पोर्तुगिजांकडून आली आहेत, तेव्हा बोलायला विषय तयार आहे.

आई कुलकुल वळायची नवी फणी आणि सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्यांचा डबा पाठवते आहे. मैदा तिथे मिळेल. अमामीच्या आजीबाईंना त्यांच्या बोलीत पावसाला काय म्हणतात ते विचार आणि मला देवनागरीत लिहून पाठव.

तुझे,
पप्पा