कोरोनात एकट्या पडलेल्या बायकांच्या मनाचं कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरोनात नवरा गेलेल्या बायकांची बातमी पेपरात येते ती ५० हजारांच्या मदतीची, नाहीतर संजय गांधी निराधारच्या रखडलेल्या पैशांची. ते छापायलाच पाहिजे, पण त्यांच्या मनाचं काय झालं ते कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र. मी संगमनेर तालुक्यात शिवणक्लास घेते, यातल्या बऱ्याच जणी माझ्याकडे येतात, बहुतेक तिशी-पस्तिशीच्या.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये ज्यांची माणसं गेली त्यांना धड रडताही आलं नाही हो. बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात, तोंड बघायला मिळालं नाही, दहाव्याला माणसं नाहीत, काहीजणी तर स्वतःच पॉझिटिव्ह म्हणून ॲडमिट होत्या, त्यांना घरच्यांनी नंतर सांगितलं. एक ताई अजून नवऱ्याच्या मोबाईलला रिचार्ज मारते, नंबर बंद पडू नये म्हणून. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी त्यांना गेलेलं बघितलंच नाही ना."

दागिने मोडून, फायनान्सचं कर्ज काढून हॉस्पिटलचं बिल भरलं, माणूस गेला नि हप्ते मागे राहिले, वर सासरचे म्हणणार तुझ्याच पायगुणानं झालं, सातबाऱ्यावर नाव लावायचं म्हटलं की बोलणंच बंद. मग झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोरांवर हात उगारला जातो नि नंतर ती स्वतःच रडत बसते. दवाखान्यात गेली की अशक्तपणा म्हणून सलाईन लावतात, घरचे देवऋष्याकडे नेतात. डिप्रेशनचं नावच कोणी काढत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने या बायकांसाठी मिशन वात्सल्य काढलं, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या केल्या, वारस नोंद, रेशनकार्ड, पोरांची बाल संगोपन योजना याला त्याचा खरंच उपयोग झाला, मी स्वतः बघितलंय. पण सगळी मदत कागदांपाशीच थांबली. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, मान्य, पण दोन खोल्यांच्या घरात सासू समोर बसलेली असताना ही बाई फोनवर बोलणार काय? आणि मानसोपचाराचे डॉक्टर गाठायला नगरला जायचं तर दिवसाची मजुरी गेली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आमच्याकडे अजून हळदीकुंकवाला यांना बोलावत नाहीत. हे रोजचं टोचणं गोळ्यांनी कसं जाणार?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई बसवा आणि तो दिवस बाजाराचाच ठेवा, कारण बाजाराचं निमित्त असलं की बाईला घरातून निघता येतं, कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नाही. समित्यांकडे या बायकांच्या याद्या आहेतच, त्या आशाताईंना द्या, महिन्यातून एकदा घरी जाऊन विचारपूस करायला सांगा आणि त्या कामाचा मोबदला वेगळा द्या, आधीच त्यांच्यावर कामाचा ढीग आहे.

आपली,
एक वाचक, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर