सुध्यास पत्र : आपलं ४८६ चालू झालं

सातारा, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय सुध्या,

तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत, नंतर केलेही नाहीत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर गोळीवर आहे, माधवीचा खांदा बरा आहे. झालं.

गाळ्यातलं आपलं ४८६, ते जुनं कॉम्प्युटर, चालू झालं.

हो, तेच. देशमान्यांच्या माळ्यावर सतरंज्यांखाली होतं. बॅटरी फुटून मदरबोर्डावर हिरवं चढलं होतं. व्हिनेगर आणि जुना टूथब्रश घेऊन दोन दुपारी घासलं, तुटलेल्या एका रेघेवरून तार डकवली आणि पडद्यावर मेमरीचे आकडे पळायला लागले. हार्ड डिस्क मात्र चारदा चालू केली तर एकदा फिरते, तीही टक-टक करत. बापटबाई जिना उतरताना काठी आपटायच्या ना, तशी.

म्हणून तिच्या जागी कार्ड बसवायचं ठरवलं. कॅमेऱ्यातलं ते जाडजूड कॉम्पॅक्ट फ्लॅश. गंमत म्हणजे तेही १९९४ सालातलंच, आपल्या मशीनच्या बरोबरीचं, आणि आयडीईची, म्हणजे हार्ड डिस्क ज्या जोडणीने मशीनशी बोलते तिची, भाषा त्याला आतूनच येते. त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे नुसती पिनांची जोडाजोड, डोकं काही नाही. (तुझ्यासारखा म्हणणार होतो, पण आज भांडायचं नाहीये.) जगू फोटोवाल्याकडे ८ जीबीचं कार्ड धूळ खात पडलं होतं, ते घेतलं. आपल्या बायॉसला (मशीन सुरू होताना डिस्क ओळखणारा तो आतला प्रोग्राम) त्यातलं ५०४ एमबीच दिसतं. डिस्क मोजायची त्याची मापं १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, त्यापलीकडे त्याचं जग संपतं. आपली अख्खी डिस्क ४२० ची होती, म्हणजे जागा उरतेच.

मी आधी शहाणपणा करून कार्ड लॅपटॉपवर पार्टिशन केलं. इकडे लावलं तर नुसता काळा पडदा. लॅपटॉपची मोजणी वेगळी, ह्याची वेगळी. मग फ्लॉपीवरून बूट करून इथेच एफडिस्क, डॉसचा पार्टिशन पाडायचा प्रोग्राम, चालवलं, पार्टिशन अॅक्टिव्ह केलं, फॉरमॅट सी स्लॅश एस केलं, तरी काळा पडदा. दोन संध्याकाळी गेल्या. कॅमेऱ्यात फॉरमॅट झालेल्या कार्डाच्या पहिल्या सेक्टरात बूट करायचा कोडच नसतो, आणि एफडिस्क तिथे आपणहून हात लावत नाही. एफडिस्क स्लॅश एमबीआर दिलं, तो कोड लिहिला गेला आणि सी प्रॉम्प्ट आला. मी एवढ्यांदा ओरडलो की माधवी पोळी तव्यावर टाकून धावत आली.

आता खरं सांगायचं ते. जुन्या डिस्कवरचं सगळं कार्डावर घ्यायला दोन्ही एका केबलवर लावली. डिस्क मास्टर (केबलवरची पहिली) आणि कार्ड स्लेव्ह (दुसरं), तर सासूसुनेसारखी दोघी गप्प. जंपर उलटे केले आणि नांदायला लागल्या. विंडोज आलं, पेजमेकर आलं, फाँट आले, बिल्सची डिरेक्टरी आली (कुलकर्णी ट्रॅव्हल्सकडे अजून १,८०० रुपये येणे आहेत). फक्त तुझी डिरेक्टरी अडली.

तिच्यात आपला ९६ चा दिवाळी अंक आहे, सुध्या.

म्हणजे तू म्हणायचास तसा मी तो उडवला नव्हता. तू फ्लॉपीवर घेऊन फ्लॉपी जाळली, असं मी मंदीच्या लग्नात चारचौघांत म्हणालो होतो, तेही खोटं निघालं. तारीख बघितली तर ०१-०१-८०. आठवतं? त्या दिवाळीआधी सीमॉसची, म्हणजे तारीख आणि डिस्कची मापं लक्षात ठेवणारी, बॅटरी मेली होती. सकाळी ज्याचा हात आधी लागेल त्याने सेटअपमध्ये डिस्कची मापं ८२६, १६, ६३ भरायची, मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली. मग डॉस तारीख विचारायचं. मी इमानदारीने घालायचो, तू नुसता एंटर मारायचास, मग ०१-०१-८० च राहायचं. तेव्हा ती शेवटची सेव्ह तुझ्या सकाळची. तू म्हणशील की मीही एखाद दिवशी आळस केला असेल. म्हण.

कॉपी अर्ध्यावर जाते आणि डेटा एरर. आर, म्हणजे पुन्हा प्रयत्न, दाबला की टक-टक वाढते. तीनदा दाबला, मग घाबरून बंद केलं. आणखी दोन-चार प्रयत्नांत फाइल येईल, नाहीतर डिस्क कायमची बसेल. आणि खरं सांगू, आली तर काय, ह्याचीच भीती जास्त. संपादकीयाखाली दोघांची नावं असली, तर मी त्या दिवशी गाळ्याची किल्ली तुझ्या अंगावर फेकली ती कशासाठी? आणि नसली, तर एवढ्या वर्षांनी पुन्हा तुझा राग धरायचा का? मला आता ते झेपणार नाही. नुसती फाइल तिथे आहे एवढंच माहीत असणं बरं वाटतंय. पण अंक निम्मा तुझा आहे, म्हणून एकट्याने ठरवत नाही.

चिन्मयची नोकरी लागली म्हणे, अभिनंदन. नागपुरात ऊन कसलं असेल. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन करून टाक, टाळू नकोस.

पुन्हा प्रयत्न करू की नको, एवढं कळव. तोवर डिस्क स्पंजात गुंडाळून माधवीच्या साड्यांमागे ठेवली आहे. तिला सांगितलेलं नाही.

तुझा,
पक्या

ता. क. मुखपृष्ठवाल्याला मी खिशातून ४०० दिले होते. त्यातले २०० तू अजून लागतोस.