आई-बाबा, गोदाम मी पथकाला दिलंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला लागलो की आई रडते आणि मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहितोय. आडतीचं गोदाम मी गावच्या अग्निशमन पथकाला दिलंय. विकलं नाही, नुसतं वापरायला दिलंय. कागद बाबांच्याच नावावर राहणार आणि दारावरची पाटी कोणी हलवणार नाही, हे पोरांकडून आधीच कबूल करून घेतलंय. आणि पुण्याच्या जॉबला मी नाही म्हणून कळवलंय, ते पण आत्ताच सांगून टाकतो.

बाबा, रिकामंच पडलं होतं ना ते. पत्रा गळत होता, घुशींनी फरशी उकरली होती. दोन्ही बाजूंनी मोठी दारं, टँकर जोडलेला ट्रॅक्टर तसाच उभा राहतो, रात्री फोन आला की सरळ बाहेर. सोलापूरहून बंब येईपर्यंत पाऊण तास सहज जातो, तोवर गंजीची राख झालेली असते.

त्या कडब्याच्या गंजीच्या वेळी तुम्ही होतातच. आम्ही घागरी आणि लिंबाचे डहाळे घेऊन धावलो आणि वरून पाणी ओतत बसलो. पण वरचं पाणी निथळून जातं, आत धुमसतच राहतं. गंजी फोडायची, पेंढ्या ओढून पसरायच्या आणि मग भिजवायच्या, हे सोलापूरच्या अग्निशमन दलातनं रिटायर झालेल्या एका काकांनी शिकवलं, एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाही त्यांनी. मग द्राक्षवाल्या मामांनी फवारणीचा जुना एचटीपी पंप दिला, वेल्डिंगवाल्यानं तो पाच हजार लिटरच्या टँकरवर बसवला, गणपती मंडळानं डॉल्बी रद्द करून पाईप आणि हेल्मेटं घेतली. बचत गटाच्या बायका तर सगळ्यात पुढं, वस्तीवर कोणाला उठवायचं, डीपी बंद करायला वायरमनला कोण सांगणार, सगळं त्याच बघतात. आता शेजारच्या गावांतनंही फोन येतात.

दादा म्हणतो फुकट का राबतोस. चिली देशात तर सगळं अग्निशमन दलच बिनपगारी स्वयंसेवकांचं आहे, त्यांचं पहिलं पथक १८५१ साली निघालं. आणि मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, शहरातले बंब धावूनही ८ जीव गेले, त्यात एक लहान बाळ. आई, तू त्या दिवशी जेवली नव्हतीस. शहरात ही गत, तर आपल्याकडं काय, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातनं जातच नाही.

बाबा, तुमचा वजनकाटा जागेवरच आहे. ज्वारीची पोती संपली की मला त्यावर उभं करायचात आणि आईला हाक मारून सांगायचात, पोरगं अर्ध्या किलोनं वाढलं गं! काट्याला मी तेल लावतो, कोणाला त्यावर बसू देत नाही.

माझी काळजी करू नका. डबा काकूंकडनं येतो, शेंगाचटणी तुझ्याच हातची चालू आहे अजून. ऊस पेटला तर आम्ही वाऱ्याच्या पाठीनं जातो, एकट्यानं आत कोणी शिरत नाही, तसा नियमच आहे आमचा. महिन्यातनं एकदा पुण्याला येईन, बाबांच्या तपासणीला तर नक्कीच, तारीख आधी कळवा म्हणजे ट्रॅक्टरवर दुसरा गडी लावतो. तुम्हाला पुण्यात ठेवून मी इथं, हे मला टोचतंच, पण दवाखाना तिकडं जवळ आहे आणि वहिनी जीव लावते, म्हणून निर्धास्त आहे.

आता ऐका. बाबा, गोळी चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबात नाही. आई, समई पडद्याजवळ ठेवून झोपू नकोस. कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच ओतायचं नाही, गॅस बंद आणि वर झाकण, बस. बिल्डिंगमध्ये धूर दिसला तर लिफ्ट नको, जिन्यानं उतरा, सावकाश, गुडघे सांभाळत. आणि दादाला गॅसची नळी बघायला सांग, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर आजच बदलायची, रविवारची वाट बघायची नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. शेंगाचटणी संपत आलीय.