मार्गदर्शिकांचा उत्साहही जपायला हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१२ पासून ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन साजरा होतो आणि त्या दिवशी किशोरवयीन मुलींसाठी झटणाऱ्या संस्थांचे कौतुकही होते. परंतु उरलेले वर्षभर निधीचे अर्ज, अहवाल आणि मध्येच यायच्या बंद होणाऱ्या मुली यांमुळे संस्था चालवणाऱ्यांचे आणि मुलींना मार्गदर्शन करणाऱ्या मार्गदर्शिकांचे मन किती खचते, याकडे क्वचितच लक्ष जाते. मला उभारी मिळते ती आकडेवारीतून नव्हे. सहा महिने दाराजवळ वहीचा कोपरा दुमडत गप्प बसणारी मुलगी एके दिवशी खुर्ची पुढे ओढून प्रश्न विचारते, तो क्षण मी तारखेनिशी लिहून ठेवते. देणगीदारांनी उपक्रमांबरोबरच मार्गदर्शिकांच्या मानधनाला आणि हक्काच्या रजेलाही पैसा द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एका स्वयंसेवी संस्थेची संचालिका