ढोलीकडे बघत बसणं

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली, "दिवसभर एका भोकाकडे काय बघत बसतेस?" रेंज जात होती म्हणून विषय टाळला. आज निवांत लिहिते.

ते भोक म्हणजे झाडातली ढोली, आणि तिच्यात महाधनेश या मोठ्या पक्ष्याची मादी आहे. आत शिरली आणि स्वतःच्या विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेतलं, चोच बाहेर येईल एवढी चीर ठेवून. 1 किंवा 2 अंडी, उबवायला 38 ते 40 दिवस. त्यात पंखांची, शेपटीची पिसंही झडतात. म्हणजे उडायची सोयच नाही. सगळी भिस्त नरावर.

तो दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांचा आवाज असा, की लांबून कोळशाचं इंजिन धापा टाकत यावं. चिरेपाशी बसतो, मान झटकतो आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकावर आणतो. आतून चोच येते, फळ उचलते. पुन्हा झटका, पुन्हा फळ. काल 43 मोजली, मग डोळ्यात चिलट गेलं आणि हिशेब बुडाला. (आई, जळवांचं विचारू नकोस. मोजे घालते.)

झाडाखाली बियांचा सडा पडतो. तो वेचून कोणती झाडं कुठवर पसरतात याची नोंद ठेवायची, हे माझं उरलेलं काम. फारच घाण काम, पण मला तेच जास्त आवडतं.

बाबा, तुम्ही म्हणता जंगल तर हिरवंगार दिसतं, मग पक्षी कमी का? धनेशाला ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाडजूड झाडात कुजून किंवा सुतारपक्ष्याने टोकरून झालेली आयती पोकळी लागते. तसली झाडं तोडली की उरलेलं रान फळांनी लगडलेलं असलं तरी अंडी घालायला जागा नाही. आणि असलेली ढोलीही टिकत नाही. तळ खचत जातो, मग आत बसलेल्या मादीची चोच चिरेपर्यंत पोचत नाही. थायलंडमधल्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानात अभ्यासकांनी अशा ढोल्यांमध्ये माती भरून त्या पुन्हा वापरात आणल्या आहेत. आमच्या यादीतही अशी दोन झाडं आहेत. वर दोर लावून चढावं लागेल. मी नाही चढणार, खालून माती पाठवणार, तेव्हा काळजी नको.

उद्या पाचला निघायचंय. चार दिवस रेंज नसेल.

तुमची,
मनू